बांधलं कुणी?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती कुणी बांधली, असं विचारलं की आपण पटकन सांगतो, रट्ट राजाचा मंत्री बिचिराज याने, १२०४ साली. बिचिराजाने काही हातात छिन्नी धरली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ‘बांधली’ या शब्दाला कुणी हरकत घेत नाही.

आता गदगजवळच्या लक्कुंडीला चला. तिथलं ब्रह्मजिनालय अत्तिमब्बेचं, १००७च्या सुमाराचं. बिचिराजाच्या बस्तीहून दोनशे वर्षं जुनं. तिच्याबद्दल आपल्या पुस्तकांत, प्रवचनांत काय येतं? दानचिंतामणी. पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून वाटल्या, रन्नकवीला आश्रय दिला, देवळाला दान दिलं. सगळं थोरच. माझी तक्रार त्या शेवटच्या शब्दावर आहे. पुरुष ‘बांधतो’ आणि बाई ‘दान देते’, हे कसं?

देऊळ नुसतं पैसे मोजून उभं राहत नाही, हे घर बांधताना नवऱ्याच्या बरोबरीने उन्हात उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. लक्कुंडीत चालुक्यांच्या जुन्या वालुकाश्माऐवजी मऊ, बारीक कणांचा दगड वापरला. पुढे त्या भागातल्या देवळांचे आरशासारखे खांब, दागिन्यासारखं कोरीवकाम या दगडामुळेच शक्य झालं. या बदलाच्या अगदी आरंभीच्या देवळांत अभ्यासक अत्तिमब्बेच्या जिनालयाचं नाव घेतात. कुणी म्हणेल, दगड स्थपतीने निवडला असेल. असेल की! मग बिचिराजाच्या बस्तीचाही स्थपतीनेच निवडला असेल. माप दोन्हीकडे एकच लावा.

पट्टदकलला तर नावच गेलं. आठव्या शतकात विक्रमादित्याने कांची जिंकली, म्हणून राणी लोकमहादेवीने देऊळ उभारलं. तिच्या नावावरून ते लोकेश्वर. आज आपण विरूपाक्ष म्हणतो. शेजारचं तिच्या सवतीचं, त्रैलोक्यमहादेवीचं, त्रैलोक्येश्वर. ते झालं मल्लिकार्जुन. शिलालेखात बायका आहेत, आपल्या तोंडात नाहीत.

हे जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. ओळखीच्या एका गावी बस्तीचा जीर्णोद्धार झाला. उंबरा फार उंच होतोय, म्हाताऱ्या श्राविका अडखळतील, हे बायकांनी सांगितलं. अभिषेकाच्या पाण्याचा उतार चुकलाय, हेही त्यांनीच दाखवलं. दोन्ही कामं पुन्हा करून घेतली. संगमरवरी फलक लागला तेव्हा त्यावर पुरुषांची नावं एकेक, आणि सगळ्यात खाली ‘महिला मंडळ’. विचारलं तर म्हणाले, ‘नावासाठी करायचं असतं का, वहिनी?’ हा प्रश्न वरच्या नावांना कुणी विचारला नाही.

आपणही अगदी निर्दोष नाही हं. अत्तिमब्बेचं नाव राहिलं, कारण ती सेनापतीच्या घरची. डोक्यावर पाटी घेऊन माती वाहिलेल्या बायकांची नावं आपण फलकासाठी सुचवली होती का? मीही नाही सुचवली.

पण सुरुवात शब्दापासून करता येते. लक्कुंडीला सहल नेलीत तर मुलांना ‘दान दिलं’ म्हणू नका. अत्तिमब्बेने बांधलं, असं सांगा.