होकार, नकार आणि विलंब : टर्मिनल एम्युलेटरच्या विस्तारव्यवस्थांचे परीक्षण

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1978 साली व्हीटी100 हे टर्मिनल बाजारात आणले, तेव्हा त्याचे वर्तन यंत्राबरोबरच ठरून आलेले होते. वापरणाऱ्यास काही किरकोळ बाबी बदलण्याचीच मुभा होती. आजचा टर्मिनल एम्युलेटर हा प्रोग्राम अशाच यंत्रांचे अनुकरण करतो. परंतु मूळ यंत्रात नसलेली एक शक्ती त्याच्या अंगी आली आहे. वापरणाऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट तो आपल्यात सामावून घेतो आणि कळ दाबली गेली, ओळ बदलली, मजकूर निवडला गेला, अशी एखादी घटना घडताच ती चालवितो. घटना आणि स्क्रिप्ट यांना जोडणाऱ्या या दुव्यास हुक म्हणतात. हुक जितके अधिक तितकी व्यवस्था थोर, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. हुक हा यजमान प्रोग्राम आणि पाहुणी स्क्रिप्ट यांच्यामधील करार होय. त्याची परीक्षा तीन कलमांवर व्हावयास हवी : अखेरचा शब्द कोणाचा, यजमानाने किती वेळ थांबावयाचे, आणि बाहेरून आलेल्या मजकुरावर विश्वास किती ठेवावयाचा.

विवेचनासाठी दोन व्यवस्था घेऊ. मार्क लेहमान यांच्या आर-एक्स-व्ही-टी युनिकोड या सी++ भाषेतील एम्युलेटरात पर्लचा इंटरप्रिटर बसविलेला आहे. वेझ फर्लाँग यांनी रस्ट भाषेत लिहिलेल्या वेझटर्ममध्ये हेच काम लुआ करते. 1993 साली रिओ द जानेरोतील कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रामात नांदण्यासाठी विशेष ख्यात आहे.

पहिले कलम अखेरच्या शब्दाचे. पर्लच्या व्यवस्थेत हुकाने सत्य मूल्य परत केले, की घटनेची वासलात लागली असे समजले जाते; उरलेले हुक वगळले जातात आणि मूळ प्रोग्रामची कृतीही टळू शकते. वेझटर्ममध्ये हाच अधिकार असत्य मूल्यास दिलेला आहे. असत्य परत येताच नंतर नोंदलेले हुक चालत नाहीत आणि ठरीव कृती होत नाही. एकीकडे होकार म्हणजे ‘माझे काम झाले, तू थांब’. दुसरीकडे नकार म्हणजे ‘पुढे जाऊ नकोस’. दोन्ही संकेत आपापल्या जागी सुसंगत आहेत, आणि म्हणूनच एका व्यवस्थेची सवय घेऊन दुसरीकडे जाणारा फसतो. याहून गंभीर बाब टॅबच्या शीर्षकाची. ते घडविणाऱ्या वेझटर्मच्या घटनेला कितीही हुक जोडले, तरी पहिलाच चालतो. दोन प्लगइनांनी तीच घटना धरली, तर दुसरे मुकाट्याने निष्फळ ठरते आणि निकाल कॉन्फिगरेशन फाइलमधील ओळींच्या क्रमावर लागतो. दस्तऐवजात हा नियम नमूद आहे. पण दोन प्लगइनांचे लेखक परस्परांना ओळखत नसताना त्याचा भार बिचाऱ्या वापरणाऱ्यावर पडतो.

दुसरे कलम विलंबाचे. स्क्रिप्ट यजमानाच्याच प्रक्रियेत चालत असेल, तर तिचा आळस हा यजमानाचा आळस होतो. टॅबचे शीर्षक ठरविणाऱ्या हुकातून बाह्य प्रोग्राम चालवून त्याची वाट पाहण्यास वेझटर्म मज्जाव करतो, तो याच कारणास्तव. पर्लच्या व्यवस्थेत ओळ बदलल्याचा हुक केवळ दिसणाऱ्या ओळींपुरता, आणि तोही नेहमीच तत्काळ नव्हे, असा चालतो. आयटर्म 2 या मॅकवरील एम्युलेटरने निराळा मार्ग पत्करला : तेथील पायथन स्क्रिप्टा स्वतंत्र प्रक्रियेत राहून वेबसॉकेटद्वारे यजमानाशी बोलतात. त्यामुळे निकटता उणावते. मात्र स्क्रिप्ट कोसळली तरी यजमान उभा राहतो.

तिसरे कलम विश्वासाचे, आणि खरा धोका येथेच आहे. टर्मिनलमध्ये उमटणारा मजकूर नेहमी आपलाच नसतो. तो कोणा परक्याच्या पत्रातून किंवा दूरच्या यंत्रावरील नोंदवहीतूनही येतो. त्यात दडलेली नियंत्रणाक्षरे हुकापर्यंत पोहोचू शकतात. आर-एक्स-व्ही-टी युनिकोडच्या पुस्तिकेत अशा मजकुरावर कधीही भरवसा ठेवू नये असा स्पष्ट इशारा आहे. तथापि 2022 साली त्याच प्रोग्रामच्या पार्श्वभूमी रंगविणाऱ्या विस्तारात दोष आढळला. त्या विस्ताराची मांडणीच पर्लच्या पदावलीवर आधारलेली असल्याने, विशिष्ट पर्याय चालू असताना, टर्मिनलवर आलेला परका मजकूर आज्ञा होऊन अमलात येऊ शके. इशारा लिहिणाऱ्यांच्याच घरी तो विसरला गेला, यावरून केवळ इशाऱ्याने भागत नाही हे सिद्ध होते. वेझटर्ममध्येही टर्मिनलमधील प्रोग्राम नियंत्रणाक्षरांद्वारे एखाद्या चलाचे मूल्य बदलून लुआचा हुक जागवू शकतो. ते मूल्य जसेच्या तसे बाह्य आज्ञेत गोवणारा लेखक तोच अपघात नव्याने घडवील. शिवाय वेझटर्मची प्लगइने गिट भांडारातून थेट आणता येतात आणि ती वापरणाऱ्याच्या पूर्ण अधिकाराने चालतात. त्यांना वेगळे कुंपण नाही.

मर्यादा घातल्यास विस्ताराचे स्वातंत्र्यच संपेल, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पर्लच्या व्यवस्थेत दुवे अधोरेखित करण्यापासून टॅब उभारण्यापर्यंतची कामे विस्तारांनी केली, ती या मोकळिकीमुळेच. परंतु मर्यादा स्पष्ट असली की स्वातंत्र्य वाढते, याचे उदाहरण वेझटर्मच देतो. नोंदलेला हुक काढून टाकण्याची सोय तेथे नाही. कॉन्फिगरेशन पुन्हा वाचताना लुआची सारी अवस्था नव्याने उभारली जाते आणि जुने हुक आपोआप जातात. जपून ठेवावयाची मूल्ये त्यासाठी राखलेल्या स्वतंत्र जागी ठेवावी लागतात. वरवर उणीव भासणारा हा नियम लेखकास जुन्या हुकांचा हिशेब ठेवण्यातून मुक्त करतो.

अखेरचा शब्द आणि विलंब या कलमांत उभय व्यवस्थांचे नियम बऱ्याच अंशी लिखित आहेत. विश्वासाच्या कलमात मात्र दोन्हीकडे अंमलबजावणी विस्ताराच्या लेखकाच्या सद्बुद्धीवर सोडलेली आहे. प्लगइन लिहिणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच हुकांची यादी चाळण्याआधी एवढे पाहावे : आपल्या हुकाच्या हाती येणारे प्रत्येक अक्षर कोठून येते, आणि ते आज्ञा बनू शकेल अशी एखादी वाट आपण उघडी ठेवली आहे काय?