मकबऱ्यात वरून खाली बघताना

मागच्या व्याख्यानात आपण गिझाच्या पिरॅमिडपाशी थांबलो होतो. खुफूचा पिरॅमिड, इसवी सनापूर्वी साधारण 2560 चा, मूळ उंची सुमारे 146 मीटर. राजाचा देह आत ठेवला की वाट मोठाल्या दगडांनी बंद. नैवेद्य बाहेरच्या मंदिरात. जिवंत माणसाने आत यायचंच नाही. चोर आले, तो भाग वेगळा!

आता आपल्या गावात या. बीबी का मकबरा. याला आपणच 'गरिबांचा ताजमहाल' म्हणून मोकळे होतो. आराखडा ताजचाच आहे, हे खरं. शिल्पकार अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा, तेव्हा घरातलीच परंपरा म्हणा. संगमरवर कमरेइतका आणि घुमटाला, मधे काळा दगड आणि चुन्याचा गिलावा. खर्चाचा आकडा सांगतात 6,68,203 रुपये 7 आणे. सात आणेसुद्धा मोजलेत बरं का!

पण काटकसर हा दोष नव्हे. त्या गिलाव्यावरची वेलबुट्टी जवळून बघा, मग बोला. खरा दोष प्रमाणाचा आहे. मधली इमारत आखडलेली आणि मिनार उंच, त्यामुळे घुमटाला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. पश्चिमेला निजामी काळात मशीद जोडली, तिने तोलही बिघडला. मुलगा आझमशहाने आईसाठी बांधला असं सर्रास सांगतात. तो जन्मला 1653 ला, दिलरस बानू वारली 1657 ला. चार वर्षांचं पोर काय बांधणार? बांधणारा औरंगजेबच, असं मला वाटतं.

एवढं बोलून आपण बाहेर पडतो आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. ताजमध्ये वरच्या दालनात दिसते ती नुसती प्रतिकृती; खरी कबर तळघरात. इथे वर प्रतिकृतीच नाही. दालनाच्या मध्यभागी जमीन मोकळी सोडलीय. कठड्यावरून वाकलं की खाली, संगमरवरी अष्टकोनी जाळीच्या आत, खरी कबर. पिरॅमिडने जे दडवलं ते इथे उघडं ठेवलंय, आणि ते बघायला मान खाली घालावीच लागते. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना नेतोय मी तिथे. फोटो काढताना आरडाओरडा करणारी पोरं त्या कठड्यापाशी गप्प होतात. मग कोणीतरी खाली नाणं टाकतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की मकबऱ्याची तुलना आग्र्याशी करण्याआधी खुलताबादशी करा. अंतर जेमतेम 25 किलोमीटर. औरंगजेब 1707 ला आजच्या अहिल्यानगरला वारला आणि पुरला गेला खुलताबादला, शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात. वर छप्पर नाही, कबरीवर माती. बायकोला घुमट, स्वतःला माती, हे जुळवायचं कसं? विषय निघाला की लोकांचे आवाज चढतात, पण हा प्रश्न कोणी विचारत नाही.

निव्वळ विरक्ती म्हणून भागणार नाही. बहीण जहाँआरा दिल्लीत निजामुद्दीन दर्ग्यात अशीच उघड्या आकाशाखाली आहे, 1681 पासून. म्हणजे घराण्यात ही रीत होतीच. शिवाय संताच्या पायाशी जागा मिळणं हाही एक मान, तोही बादशहालाच परवडणारा. तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: कबर झाकलेली नाही.

खुलताबादची संगमरवरी जाळी पुढे निजामाच्या काळात आली. तेव्हा व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनला ती कबर फारच साधी वाटली होती म्हणे.