टॅबलेट : वही म्हणून आणि फळा म्हणून

"टिपणे काढायला आणि चार लोकांपुढे सादरीकरण करायला कोणता टॅबलेट घ्यावा?" हा प्रश्न आम्हाला अलीकडे वारंवार विचारला जातो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक आमचे शिक्षकमित्र. त्यांना केंद्राच्या शिक्षण परिषदेत काही मांडायचे असते. दुसरे आमचे माजी विद्यार्थी. ते वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत नोकरीला लागलेले असतात आणि त्यांना महिन्याचा अहवाल साहेबांपुढे पडद्यावर दाखवायचा असतो. प्रश्न मात्र एकच असतो.

हाच प्रश्न घेऊन आम्ही छत्रपती संभाजीनगरातील काही दुकाने हिंडलो. सगळीकडे जवळपास तेच उत्तर मिळाले. रॅम किती, साठवण किती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि ध्वनिक्षेपक दोन की चार. यांपैकी एकाही आकड्यावरून त्या पाटीवर नीट लिहिता येईल की नाही हे कळत नाही. किमती दहा-बारा हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. शिक्षकाच्या पगारातून घ्यायची वस्तू असेल तर चूक परवडत नाही. म्हणून या यंत्राचे परीक्षण आम्ही आमच्या कामाच्या बाजूने करायचे ठरवले.

आधी थोडा इतिहास पाहू. पेनाने लिहिण्याची विद्युत-पाटी ही नवी कल्पना नाही. १९६४च्या सुमारास अमेरिकेतील रँड संस्थेने अशी एक पाटी केली होती. दहा इंच चौरसात तांब्याच्या १०२४ आडव्या आणि १०२४ उभ्या रेषा होत्या, आणि पेन कोणत्या दोन रेषांच्या छेदावर आहे हे तिला ओळखता येई. १९७२मध्ये अ‍ॅलन के यांनी मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली आणि तिला 'डायनाबुक' असे नाव दिले. ती वस्तू तेव्हा बनवणे शक्यच नव्हते. ॲपलचा आयपॅड आला २०१०मध्ये.

आपल्याकडचा धडा मात्र 'आकाश'चा आहे, आणि तो अर्धवट शिकला गेला असे आमचे मत आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने हा टॅबलेट समारंभाने प्रकाशित केला. सरकारला तो सुमारे पन्नास डॉलरना, म्हणजे सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास, मिळणार होता. पडदा सात इंची, प्रक्रियक ३६६ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ मेगाबाइट, बॅटरी २१०० मिलिअँपिअर-तासांची. त्याच्यावर टीका भरपूर झाली. तो मंद आहे, बॅटरी टिकत नाही, पडद्यावर बोट जोरात दाबावे लागते, अशा तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. पण टीकाकारांनी एक गोष्ट फारशी विचारली नाही. हे यंत्र विद्यार्थ्याने वाचण्यासाठी आहे, पाहण्यासाठी आहे की लिहिण्यासाठी? आधी किंमत ठरली आणि मग तिच्यात बसेल ते यंत्र जुळवले गेले. काम काय, हे शेवटी आले.

२०१२मध्ये या प्रकल्पाचे तांत्रिक काम पवईच्या आयआयटीकडे आले आणि प्रा. दीपक फाटक यांच्या गटाने ते हाती घेतले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आलेल्या 'आकाश-२'मध्ये प्रक्रियक एक गिगाहर्ट्झचा होता, स्मृती दुप्पट होती आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा होता. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे, की पवईच्या गटाने यंत्राला काम दिले. त्यावर सी आणि पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येत, सायलॅब चालवता येई, वर्गातल्या प्रश्नाला सर्व विद्यार्थ्यांकडून एकाच वेळी उत्तर घेता येई. पुढे ती योजना ओसरली. पण काम आधी ठरवून यंत्राकडे पाहण्याची ती पद्धत आम्ही येथे उसनी घेत आहोत.

आता लिहिण्याकडे वळू. पहिल्या 'आकाश'चा पडदा रोधी प्रकारचा होता. एकावर एक दोन पारदर्शक वाहक थर आणि मध्ये बारीक फट. दाबले की थर एकमेकांना टेकतात, आणि कोठे टेकले हे विभवांतरावरून कळते. बारावीच्या प्रयोगशाळेतील विभवमापीची तार आठवा, तत्त्व तेच. येथे कोणतेही टोक चालते, अगदी पेन्सिलची उलटी बाजूसुद्धा. अडचण निराळीच आहे. लिहिताना आपला तळहात कागदावर टेकतो. हात आणि पेन दोन्ही दाबले गेले की त्या पडद्याला दोन बिंदूंच्या मधलाच एखादा बिंदू दिसतो. म्हणजे हात अधांतरी धरून लिहायचे! पाच मिनिटे तसे लिहून पाहा, मनगट स्वतःच अभिप्राय देईल.

आजचे पडदे धारित्र प्रकारचे आहेत. काचेखाली बारीक वाहक रेषांची जाळी असते आणि बोट जवळ आले की तेथील धारकता बदलते. या जाळीतील दोन रेषांत साधारण चार-पाच मिलिमीटर अंतर असते. म्हणूनच दुकानात शंभर-दीडशे रुपयांना मिळणारी रबरी टोकाची कांडी जाडजूड असते. ती खरे तर पेन नसून खोटे बोट आहे. तिने 'क्ष' काढून पाहावा. 'टॅबलेटसोबत पेन मोफत' अशा जाहिरातीतले पेन पुष्कळदा हेच असते, आणि आमच्या मते ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते.

खरे लिहिणारे पेन दोन जातींचे. पहिल्यात पेनाच्या आत छोटी बॅटरी असते आणि टोकातून संकेत निघतो. तो पडद्याची जाळीच पकडते. ॲपलची पेन्सिल या जातीची. दुसरी जात आम्हाला अधिक आवडते, कारण तिच्यात नववी-दहावीचे भौतिकशास्त्र उघडे दिसते. पडद्यामागे वेटोळ्यांचा एक पत्रा असतो आणि तो बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. पेनात एक वेटोळे आणि एक धारित्र असते. क्षेत्रातून त्याला ऊर्जा मिळते, ते अनुस्पंदित होते आणि परत संकेत देते. टोकावर दाब वाढला की पेनातील मंडलाची वारंवारता किंचित सरकते आणि रेघ जाड होते. पेनात बॅटरीच नाही! जपानच्या वाकॉम कंपनीचे हे तंत्र सॅमसंगच्या एस पेनमध्ये वापरले गेले आहे. दोन्ही जातींत पेन निराळे ओळखता येते, त्यामुळे पेन जवळ असताना तळहाताकडे दुर्लक्ष करणे यंत्राला जमते.

हे दुकानातच तपासता येते. एक मोजपट्टी सोबत न्यावी. ती पडद्यावर तिरकी ठेवून पेनाने अगदी सावकाश रेघ ओढावी. पेन जाळीच्या दोन रेषांमध्ये असताना त्याचे स्थान यंत्र अंदाजाने काढते. अंदाज कच्चा असेल तर रेघ लाटेसारखी वाकडी येते. भरभर ओढल्यास हा दोष लपतो, आणि दुकानदार नेहमी भरभर ओढून दाखवतो.

दुसरी तपासणी विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखी आहे. पेन पुढे जाते आणि शाई मागून येते. पेनाचे टोक सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने चालले आहे आणि विलंब ५० मिलिसेकंद आहे असे समजू. मग शाई पेनाच्या पाच मिलिमीटर मागे राहील, म्हणजे जवळपास एक अक्षर मागे. विलंब २० असेल तर दोनच मिलिमीटर. मोजायचे कसे? पुष्कळ मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेणारे संथ चित्रण असते. पडद्यावर एक खूण करा, पेन तिच्यावरून न्या आणि चित्रण घ्या. पेनाने खूण ओलांडल्यापासून शाई खुणेला पोचेपर्यंत किती चित्रे गेली ते मोजा. एक चित्र म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद. बारा चित्रे आली तर विलंब ५०. नववीच्या मुलांना वेग, अंतर, काळ यांचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

पानाचा आकार हा असाच दुर्लक्षित विषय आहे. दहा इंची पडदा म्हणतात तो कर्ण असतो, आणि कर्णावरून क्षेत्रफळ कळत नाही. १०.१ इंच कर्ण व १६:१० प्रमाण असलेला पडदा उभा धरला तर रुंदी साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. १०.२ इंच व ४:३ प्रमाणाच्या पडद्याची रुंदी साडेपंधरा. हा दुसरा पडदा जवळजवळ ए-फाइव्ह कागदाएवढा होतो. पहिल्यावर ए-फोर आकाराची प्रश्नपत्रिका उघडली तर ती ६५ टक्क्यांवर येते आणि बारा पॉइंटचा टाइप आठाहूनही लहान दिसतो. लांबट पडदा चित्रपटासाठी चांगला. टिपणासाठी आणि छापील पान वाचण्यासाठी ४:३च बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. महाज्योतीसारख्या संस्था प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅबलेट देतात. तेथेही हा विचार व्हायला हवा, कारण ही मुले दिवसचे दिवस छापील पानेच वाचत असतात.

आता मराठीची गोष्ट. हस्ताक्षर ओळखून त्याचा टाइप करून देतो, असे अनेक टॅबलेट सांगतात. इंग्रजीत ते बरेच जमते. देवनागरीत शब्दातील सर्व अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात आणि बहुतेक जण ती रेघ शब्द संपल्यावर मारतात. म्हणजे जोड शेवटी कळतो. (मोडी लिहिणारे कारकून नेमके उलट करीत. ओळभर रेघ आधी ओढून मग अक्षरे खाली लटकवीत.) दुसरी गंमत पहिल्या वेलांटीची. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण संगणकाच्या संकेतांत आधी 'क' आणि नंतर वेलांटी. यंत्राला क्रम उलटवावा लागतो. हे अशक्य नाही. गूगलने २०१५मध्ये काढलेल्या हस्ताक्षर-लेखन सोयीत मराठी होती. पण टिपणांच्या प्रत्येक ॲपमध्ये ती असेलच असे नाही. खरेदीपूर्वी 'विद्यार्थिनींनी' हा एक शब्द लिहून पाहावा. ऱ्हस्व, दीर्घ, रफार, अनुस्वार, जोडाक्षर असे सर्व त्यात आले.

फळा म्हणून टॅबलेट वापरताना आमची फजिती झाली ती सांगितली पाहिजे. एका प्रशिक्षणात आम्ही प्रकाशाच्या अपवर्तनावर बोलणार होतो. आकृत्या टॅबलेटवर होत्या, सी प्रकारचा जोड होता, तार होती, प्रक्षेपकही होता. पडदा निळाच राहिला. चाळीस शिक्षक पंधरा मिनिटे निळा पडदा पाहत होते, आणि शेवटी आम्ही खडू उचलला. नंतर कळले की सी हा फक्त छिद्राचा आकार आहे. त्यातून चित्र बाहेर येईल की नाही हे आतल्या जोडणीवर अवलंबून असते. स्वस्त टॅबलेटांत पुष्कळदा त्यातून फक्त वीज आणि माहिती जाते. माहितीचा वेग पाहूनही हे ओळखता येत नाही. २०२२च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडचा सी जोड जुन्या, मंद वेगाचाच आहे, तरी तो चित्र देतो. (त्याच आयपॅडला मूळची पेन्सिल जोडायला मात्र वेगळा जोडतुकडा लागतो. महाग वस्तूही विचारपूर्वक बनते असे नाही.) तपशीलपत्रात 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधावा, आणि शक्यतो आपली तार घेऊन दुकानातल्या टीव्हीलाच जोडून पाहावे. शाळेतला प्रक्षेपक जुना, निळ्या पंधरा छिद्रांच्या जोडाचा असेल तर एचडीएमआयपासून त्याकडे नेणारे आणखी एक परिवर्तक लागेल. बिनतारी प्रक्षेपणावर विसंबू नये. अनोळखी सभागृहातील वाय-फाय आपल्या सोयीने चालत नाही.

'हाताने लिहिले की स्मरणशक्ती वाढते' असे विक्रेते हल्ली सांगतात. यामागे म्यूलर आणि ओपेनहायमर यांचा २०१४चा अभ्यास आहे. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि संकल्पनेच्या प्रश्नांत मागे पडतात, असे त्यांना आढळले होते. पण २०१९ आणि २०२१मध्ये इतर संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा शब्दशः उतरवण्याची सवय दिसली, परीक्षेतील फरक मात्र तसा ठामपणे दिसला नाही. शिवाय त्या अभ्यासात तुलना कळफलक आणि कागदाची होती. काचेवरच्या पेनाची नव्हतीच. त्या वाक्यासाठी वीस हजार रुपये देऊ नयेत.

उन्हाळ्याचाही विचार हवा. ॲपल आपल्या यंत्रांसाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो आणि पत्र्याच्या वर्गात त्याहून वर जातो. अशा वेळी यंत्र प्रभारण थांबवते, पडदा मंद करते. तो बिघाड नसतो, पण तास मात्र बुडतो.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तेथे हातकागदाची परंपरा शतकांची आहे. आम्ही तेथून आणलेल्या कागदावर गेल्या वर्षी काही टिपणे केली. कागद खरखरीत, शाई किंचित पसरते, पण पेनाचा अंदाज बोटांना लगेच येतो. गुळगुळीत काचेवर तो येत नाही, म्हणून काही जण पडद्यावर खरखरीत पापुद्रा चिकटवतात. त्याने टोक लवकर झिजते, आणि नवे टोक विकत घ्यावे लागते.

आमच्या गटाने शेवटी काय केले? शाळेसाठी ४:३ पडद्याचा, खऱ्या पेनाचा आणि तारेने चित्र देणारा एकच टॅबलेट वर्गणीतून घेतला. तो विज्ञान कक्षाच्या कपाटात असतो आणि ज्याचे सादरीकरण असेल त्याने नोंदवहीत सही करून न्यायचा असतो. नोंदवही कागदाची आहे. वैयक्तिक टिपणांसाठी आमच्यातील तिघांनी टॅबलेट घेतला, दोघांनी घेतला नाही. ज्यांनी घेतला नाही त्यांपैकी एका बाई गणित शिकवतात. त्या वहीत लिहितात, मोबाइलवर पानाचे छायाचित्र काढतात आणि शाळेच्या टॅबलेटमार्फत पडद्यावर दाखवतात. त्यांची अक्षरे शेवटच्या बाकावरून आमच्यापेक्षा स्पष्ट दिसतात.