संशोधकाचे लोकलेखन आणि त्याचे मोल

अध्यापकाची योग्यता ठरविताना त्याने सामान्य वाचकासाठी केलेले लेखन, विशेषतः ब्लॉगवरील लेखन, जमेस धरावे काय, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील मान्य नियतकालिकातील शोधनिबंधास १०, तर अनुवादित ग्रंथास ८ गुण ठरविण्यात आले. ब्लॉगलेखनास त्या तक्त्यात स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

या निवाड्याची खरी कसोटी कोरपन्यासारख्या ठिकाणी लागते. हा भाग ज्या राजुरा तालुक्यात मोडत असे, तो तालुका १९५६पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या भाषा येथे शेजारी नांदतात. हैदराबादच्या प्रशासकीय सेवेतील सेतुमाधवराव पगडी यांनी कोलामीचे व्याकरण १९५० साली, तर गोंडीचे १९५४ साली प्रसिद्ध केले. ते व्यवसायाने प्राध्यापक नव्हते. तरीही बरो व एमेनो यांनी आपल्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात त्यांच्या सामग्रीचा उपयोग केला. लेखकाच्या पदावरून नव्हे, तर सामग्री पडताळता येते यावरून तिचे मोल ठरले.

ब्लॉगच्या पुरस्कर्त्यांना यातून आधार मिळतो, पण तो अर्धाच. कोलामी शब्द टिपून तो गावाच्या नावासह उघडपणे मांडणाऱ्या अध्यापकास, तो शब्द बोलणारा मनुष्यच चूक दाखवू शकतो. शोधनिबंध त्या मनुष्याच्या हाती क्वचितच पडतो. ही दुरुस्तीची वाट शास्त्राच्या दृष्टीने मौल्यवान आहे. तथापि ब्लॉगवरील मजकूर लेखकास केव्हाही बदलता वा काढून टाकता येतो आणि प्रकाशनापूर्वी त्याची परीक्षा होत नाही. पगडींचे व्याकरण ग्रंथरूपाने स्थिर झाले म्हणूनच दुसऱ्यास त्यावर बोट ठेवता आले.

म्हणून ब्लॉगास शोधनिबंधाइतके गुण द्यावेत, ही मागणी मान्य करणे कठीण आहे. गुण मिळू लागताच तेथेही संख्येचा हव्यास शिरेल. शोधनिबंधांच्या बाबतीत हा अनुभव आलेलाच आहे. परंतु असे लेखन शून्यवत् मानणेही अन्यायाचे ठरते. ज्या नोंदींतून पुढे परीक्षित निबंध वा कोश सिद्ध झाला, त्या नोंदी निवड समितीने मूळ सामग्री म्हणून वाचाव्यात. त्यांची केवळ मोजदाद करू नये. अन्यथा ज्या समाजाची भाषा अभ्यासली जाते, तोच समाज त्या अभ्यासाचा वाचक होणार नाही. ही हानी कोणत्याही गुणतक्त्यात दिसणार नाही.