दूरचित्रवाणीवरील सोशिक नायिका

कौटुंबिक मालिकांविषयीं तुच्छतेनें बोलण्याचा परिपाठ सुशिक्षित मंडळींत पडला आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. जी कथा रात्रीं जेवणाच्या वेळीं आजीपासून नातीपर्यंत सारें घर पाहतें, तिची परीक्षा एखाद्या कादंबरीइतक्याच काळजीनें झाली पाहिजे.

या मालिकांत स्त्रीवर हात उगारला जातो, एवढ्यावरून आम्ही त्यांस दोष देत नाहीं. जें घरोघर घडतें तें कथेंत येणारच. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांतही तें आहे. परंतु तेथें दारूच्या धुंदींतील घावाचें पर्यवसान मृत्यूंत होतें आणि प्रेक्षकास पळवाट उरत नाहीं. बहुतेक मालिकांत मात्र एकच चपराक तीन बाजूंनीं तीनदां दाखवितात, प्रत्येक नातलगाचा चेहरा न्याहाळतात, आणि पुढें सण आला कीं नायिका नटूनथटून आरतीस उभी राहते. घाव विसरला जातो. उरते ती तिच्या सोशिकपणाची वाहवा. सोसणारी ती नायिका, उलट बोलणारी ती खलनायिका, अशी ही वांटणी आहे.

२००० सालीं सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेनें ही चौकट एकदां मोडली. पत्नीवर बळजबरी करणाऱ्या अंशला त्याची आई तुलसी हीच गोळी घालते. २०२४ पासून अंमलांत असलेली भारतीय न्याय संहितादेखील १८ वर्षांवरील पत्नीवरील अशा बळजबरीस बलात्कार मानीत नाहीं. हें पाहतां मालिकेचें धाडस लहान नव्हे. तथापि त्या प्रसंगाच्या मध्यभागीं तुलसीचा त्यागच राहिला; जिच्यावर अन्याय झाला ती नंदिनी कडेला पडली.

करमणुकीस इतकें महत्त्व कां द्यावें, असें कोणी विचारील. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, कांहीं कारणांसाठीं नवऱ्यानें बायकोस मारणें योग्य, असें म्हणणाऱ्या स्त्रिया शेंकडा ४५ निघाल्या आणि पुरुष ४४. हें मालिकांनीं शिकविलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शिकलेलें विसरावयास त्या लावीत नाहींत, हा आमचा आक्षेप आहे.

घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ सालीं झालेल्या कायद्यानें पीडित स्त्रीस राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला आहे. तिला न्यायालयाकडे संरक्षणाचा आदेशही मागतां येतो. पडद्यावरील एखाद्या सुनेस शेजारणीनें एवढें सांगितलें, तर तो प्रसंग चपराकेइतकाच रंगेल. आणि कोठेंतरी एखादी स्त्री हातांतला घास तसाच धरून तो ऐकेल.