सवलत नेमकी कशावर?

आज आपल्याला 'सवलत' या शब्दाकडे जरा नीट बघायचं आहे, तेही सॉफ्टवेअरच्या बाजारातल्या सवलतीकडे. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी यात कशाला पडायचं, असं काहींना वाटेल. पण वस्तू, मूल्य, मालकी हे आपलेच जुने विषय आहेत. दुकान तेवढं बदललंय.

साडीवर सवलत मिळते तेव्हा तिच्यामागे सूत असतं, विणकराचे दिवस असतात, पडून राहिलेला माल असतो. म्हणून किंमत खाली येण्याला एक तळ असतो. सॉफ्टवेअरची पहिली प्रत करायला अफाट खर्च येतो, हे मान्य. पण दहा हजारावी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. इथे तळच नाही. मग पडद्यावर एक आकडा खोडलेला दिसतो आणि शेजारी त्याच्या निम्मा. तो खोडलेला आकडा कोणी कधी भरला होता का? पुष्कळदा तो बारा महिने खोडलेलाच असतो. आपल्या दर्शनांतला वंध्यापुत्र आठवा. जो नाहीच, त्याची उंची चार बोटं कमी केली, असं सांगण्यासारखं झालं हे!

एकाच वस्तूची वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून वेगवेगळी किंमत घेणं ही काही नवी युक्ती नव्हे. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर'मध्ये तिचे तीन प्रकार मांडले. विद्यार्थ्यांची सवलत त्यातल्या तिसऱ्यात बसते. ती मुळातच अन्यायाची आहे, असं आम्ही म्हणणार नाही. गावातला डॉक्टर गरिबाकडून कमी पैसे घेतो, तेव्हा आपण त्याला नावं ठेवत नाही. फरक इतकाच, की त्या डॉक्टरचं औषध घेतलं म्हणून पुढे जन्मभर त्याच्याच दारात जावं लागत नाही. सॉफ्टवेअर मात्र चार वर्षं स्वस्तात वापरलं की हाताला तेच वळण लागतं, सगळं काम त्याच्याच फाइलींत साठतं. मग पदवी मिळते आणि सवलत संपते.

आता खरा प्रश्न. आपण घेतो काय? टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली म्हटलं, की तयार, माध्यमावर भरलेलं सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, त्यावर विक्रीकर लागेल. कर घेताना माल! पण करार उघडून बघा, तिथे 'विक्री' सापडत नाही, 'परवाना' सापडतो. अमेरिकेत २०१० साली ऑटोकॅडच्या जुन्या प्रती विकणाऱ्याला अपील न्यायालयाने सांगितलं, की ज्याच्याकडून तू त्या घेतल्यास तो मालकच नव्हता, परवानाधारक होता. तेव्हा तुलाही त्या विकता येणार नाहीत. दोनच वर्षांनी युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या खटल्यात नेमकं उलट धरलं: पैसे घेऊन कायमचा परवाना दिला म्हणजे विक्रीच झाली, पुढे विकता येईल, मात्र आपली प्रत बंद केली पाहिजे आणि अनेकांसाठीचा परवाना फोडून तुकड्यांनी विकता येणार नाही. वस्तू एकच, पण तिचं अस्तित्व कोणत्या किनाऱ्यावर उभे आहात त्यावर ठरतं.

किरकोळ पैशात 'की' विकणाऱ्यांचं काय, तेही यातून कळतं. अशा चाव्या बऱ्याचदा संस्थेच्या मोठ्या परवान्यातून फोडलेल्या असतात. आज चालतात, उद्या कंपनीने बंद केल्या तर तक्रार कोणाकडे करणार?

अडोबीने २०१३ साली जाहीर केलं, की नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. बाकीचेही त्या वाटेने गेले. आता सवलत असते ती भाड्यावर, आणि पुष्कळदा पहिल्याच वर्षाच्या. डीटीपीचं छोटं दुकान चालवणाऱ्याने वर्गणी थांबवली, तर फाइल त्याची राहते, पण ती उघडायची कशी?

इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की गोंधळ होतो. स्टॉलमन गेली चाळीस वर्षं तोच निस्तरत आहेत. मराठीत तो व्हायला नको. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन सरळ शब्द आहेत. तरी महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांत चर्चा होते ती फक्त पहिल्याची: किती टक्के सुटतात?

एक चिठ्ठी आली आहे: मग विद्यार्थ्याने सवलत घेऊच नये का? जरूर घ्यावी. पण घेण्याआधी नूतनीकरणाची रक्कम वाचावी. आणि प्रबंधाची एक प्रत ओडीएफसारख्या खुल्या स्वरूपात जतन करून ठेवावी. ते आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि लिबरऑफिसमध्ये उघडतं. लिबरऑफिसला सवलत लागत नाही.