नगरदर्शन आणि इतिहासाचे मौन : बुडापेस्ट व कारंजा

नगरदर्शन हे केवळ स्थळवर्णन नव्हे. ते एक प्रकारचे इतिहासकथन असते. पादचाऱ्यास प्रथम कोठे उभे करावयाचे, कोठे अधिक थांबवावयाचे आणि कोठून न बोलता पुढे न्यावयाचे, या निवडीतच कथकाचा ऐतिहासिक निर्णय व्यक्त होतो.

बुडापेस्टमधील आन्द्राशी मार्गावरील साठ क्रमांकाची इमारत या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४४ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या नाझीधार्जिण्या अ‍ॅरो क्रॉस पक्षाचे ते ठाणे होते. युद्धानंतर तेच साम्यवादी राजवटीच्या गुप्त पोलिसांकडे गेले. २००२ मध्ये तेथे संग्रहालय उघडण्यात आले. त्यात साम्यवादी काळाला पहिल्या राजवटीहून फार अधिक जागा मिळाली, असा आक्षेप घेतला जातो. सारांश, काय सांगितले एवढेच नव्हे, तर किती सांगितले हेही कथनाचा अर्थ ठरविते.

हीच कसोटी वऱ्हाडातील कारंजा (लाड) या नगरास लावून पाहावी. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या चार वेशींच्या आत तेथे अनेक भूतकाळ नांदतात. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिराकडे भाविकांची पावले वळतात. जैन मंदिरांतील हस्तलिखित भांडारांमुळे अपभ्रंशाच्या अभ्यासकांस हे नगर पूज्य आहे. कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका व्यापाऱ्यांच्या वैभवाची साक्ष देते. हे तिन्ही भूतकाळ अभिमानाचे आहेत. अवघड आहे तो चौथा.

सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, १६७० च्या अखेरीस, शिवाजी महाराजांच्या फौजेने हे संपन्न मोगली नगर लुटले. जदुनाथ सरकारांच्या वृत्तांतानुसार सुमारे एक कोटीची लूट चार हजार बैल व गाढवांवर लादली गेली; खंडणीसाठी धनिकांस धरून नेण्यात आले आणि सर्वांत प्रतिष्ठित गृहस्थ तेवढा स्त्रीवेष धारण करून निसटला. या वृत्तांतात लुटीचे मोल आहे, जनावरांची संख्या आहे. परंतु माणसांची गणना नाही. हे कथन लुटणाऱ्याच्या छावणीच्या दिशेने चालते, नगराच्या बाजूने नव्हे.

येथे बुडापेस्टशी असलेला भेद ध्यानात घेतला पाहिजे. तेथील दोन्ही राजवटी आज निंद्य ठरल्या आहेत. येथे लुटणारी सत्ता मराठी मनाला वंद्य आहे. मोगलांचे अर्थबळ खच्ची करण्याचे राजकारण त्या स्वारीमागे होते, हे स्पष्टीकरण यथार्थच आहे. परंतु स्पष्टीकरण म्हणजे स्मरण नव्हे. धरून नेलेल्या गृहस्थाच्या घरी त्या रात्री काय घडले, याचे उत्तर राजनीतीच्या विवेचनात मिळत नाही.

म्हणून कारंज्याचे नगरदर्शन योजणाऱ्याने गुरुमंदिर व ग्रंथभांडार यांबरोबरच वेशीपाशीही थोडे थांबावे आणि १६७० चे वर्ष उच्चारावे. महाराजांविषयीचा आदर त्याने उणावत नाही. उणावते ते केवळ आपले मौन.